प्रश्न क्रमांक चौदा

आमच्या कचेरीतल्या नकाशाला पाच रंग आहेत,
फिकट गुलाबीपासून काळपट लालपर्यंत.
एक्केचाळीस जिल्हे, आणि बुखारेस्ट वेगळं.
हवामानाचा धोका किती, हा एक रकाना;
माणसं एकमेकांना किती धरून आहेत, हा दुसरा.
दोन्ही आकडे जुळले की
संगणक रंग भरतो
आणि आम्ही जेवायला उठतो.

रकाने भरायला मला पाठवलं.
एकसष्ट प्रश्न, सरकारी गाडी,
पेट्रोलची प्रत्येक पावती जपून ठेवायची.

डोल्जच्या दक्षिणेला वाळू आहे.
म्हणजे जमीनच वाळू:
नांगरली तर उठते, नाही नांगरली तरी उठते.
झांफिरा म्हणाली, पूर्वी वाऱ्याला आडवी
अकेशियाची झाडं होती, रांगेनं.
राजवट बदलली, त्या हिवाळ्यांत लोकांनी ती तोडली.
"चुलीत गेली," ती म्हणाली.
"मीही घातली. ऊब चांगली होती."

प्रश्न चौदा: संकट आलं तर
किती जणांना हाक मारू शकाल?
तिनं बोटांवर मोजायला घेतलं.
फ्लोरेंतीन, सारागोसाला.
थोरली बेर्गामोजवळ, परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालते.
धाकट्याचा पत्ता बदलतो, नंबर तोच.
चौथ्या बोटाशी ती थांबली.
"हाक म्हणजे फोन चालेल का?"
सूचनापुस्तिका म्हणते: प्रत्यक्ष पोहोचू शकणारी व्यक्ती.
मी शून्य लिहिलं.
तिनं ते समोरून, उलटं वाचलं;
शून्य उलटंही शून्यच दिसतं.
मग गाडीच्या डिकीत एक कलिंगड ठेवून
ती आत निघून गेली.

ते कलिंगड देशभर माझ्या पाठीमागे गडगडत राहिलं.
दर वळणाला धप्प.

गलात्सकडे पाणी.
भिंतीवरची चिखलाची रेघ माझ्या हनुवटीला लागत होती.
सिदोनियाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सात.
सात दुमजली घरं, इटलीतल्या मजुरीतून उभी राहिलेली,
ज्यांत अजून कुणी राहायला आलंच नाही;
सोफ्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही.
गावात त्यांना उंदरांचे महाल म्हणत.
त्या रात्री तिनं ती उघडली, एकामागून एक,
बॅटरी दातांत धरून.
वरच्या मजल्यांवर चौतीस माणसं, दोन डुकरं,
आणि बांधावरून अबोला धरलेले दोघे भाऊ
एकाच सोफ्यावर.
"बोलले?"
"कुठलं! पण पहाटे धाकट्यानं
थोरल्याचे मोजे पिळून कठड्यावर टाकले."

याला रकाना नव्हता.
रिकामं घर म्हणजे आमच्याकडे एक गुण वजा.
मी समासात लिहिलं: किल्ल्या सात.

मग कलिंगड कापलं. आतून जरा उतरलेलं,
पण दारासमोर वाळत घातलेल्या गाद्यांशेजारी बसून
सगळ्यांनी खाल्लं, पोरांनी तर सालीपर्यंत.
सिदोनियानं बिया धुऊन कागदावर पसरल्या.
"वाळूतलं बी. आमच्या गाळात काय दिवे लावतंय, बघू."
आणि तशाच ओल्या हातांनी, सहज:
"तुझी किल्ली कुणाकडे असते?"

मी पेट्रोलची पावती शोधत राहिले.

नकाशा छापून आला आहे.
दोन्ही जिल्हे एकाच काळपट लालात.
यंत्र समास वाचत नाही.
झांफिराचं शून्य मात्र त्यानं बिनचूक वाचलं.
साहेब म्हणाले, काम स्वच्छ झालंय.

आठव्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारामागे
कुणीतरी रात्री खोकतं.
पाटीवरचं नाव मी काल पहिल्यांदा वाचलं.
आज बाजारात गेले, जादा किल्ली करायला.
कारागिरानं विचारलं, पहिली हरवली का?
म्हटलं, नाही, आहे.
त्यानं यंत्र थांबवलं
आणि माझ्याकडे बघत राहिला,
मी पुढे काही सांगेन म्हणून.